इन्सुलिनच्या झाडाचं पान

वडील रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना शुगर निघाली. दौंडच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी काही महिने नेमानं घेतल्या. मग चर्चमधल्या ओळखीच्या एका बाईंनी इन्सुलिनच्या झाडाचं रोप आणून दिलं. त्या सुमारास हे झाड दारोदारी दिसायला लागलं होतं. दांड्याभोवती गोल फिरत वर गेलेली रुंद पानं, चव जराशी आंबूस. सकाळी अनशापोटी एक पान चावून खाल्लं की शुगर उतरते, असं जो तो सांगायचा.

मी तेव्हा कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये होते. वडिलांनी एक पान माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलं.

"तुमच्याकडं मशिनी आहेत. यात काय निघतं बघ की."

मशिनी होत्या, पण त्या असल्या कामासाठी नव्हत्या. मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "शुगर कमी करणारं काही असेलही पानात. पण किती? कोवळ्या पानात वेगळं, जून पानात वेगळं. अर्क काढून, मोजून, माणसांवर तपासल्याशिवाय त्याला औषध कसं म्हणायचं? गोळीत दर वेळी तेवढंच असतं. ते तर तूच तपासतेस."

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी पहिलं वाक्य तेवढं धरलं. "म्हणजे असतं," ते म्हणाले आणि रोपाला पाणी घालायला गेले.

झाड फोफावलं. वडील फांद्या तोडून डब्यांत लावायचे आणि शुगर असलेल्या प्रत्येकाला नेऊन द्यायचे. त्यांना त्यात फार समाधान वाटायचं. गोळ्या त्यांनी कधी थांबवल्या ते आम्हाला कळलंच नाही. आईला कपाटात भरलेली पाकिटं दिसली तेव्हा ते म्हणाले, "एका दुखण्याला दोन औषधं कशाला?"

त्यानंतर नवी चप्पल लागून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो फुटला, चिघळला आणि भरेचना. तेव्हा कुठं ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले. शुगर भलतीच वाढलेली होती. डॉक्टर चिडले नाहीत. "पान खायचं तर खा, पण गोळी सोडायची नाही," एवढंच म्हणाले. अंगठा वाचला, पण जखम भरायला अख्खा पावसाळा गेला.

एकदा पट्टी बदलताना वडील म्हणाले, "मी ज्यांना झाड दिलंय, त्यांचं काय?"

पाय जमिनीवर टेकवता यायला लागल्यावर एका रविवारी त्यांनी मला स्कूटी काढायला लावली. पहिल्यांदा त्यांच्या जुन्या सोबत्याकडं गेलो. तो हसला. "मी गोळी सोडलीच कुठं होती? पान आपलं तुझ्या शब्दाखातर खायचो." कॉलनीतल्या एका बाईंनी आमचं ऐकून घेतलं, पण चहा विचारला नाही.

शेवटी खुटबावला गेलो. तिथले आप्पा पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता शेती करत होते. त्यांनी गोळ्या कधीच बंद केल्या होत्या.

"मला तर बरं वाटतंय," आप्पा म्हणाले. "आन् मेंढरांना आम्ही पाल्यावरच बरं करत आलोय."

"मलाही बरंच वाटत होतं, आप्पा," वडील म्हणाले. त्यांनी चप्पल काढून पाय पुढं केला. अंगठ्याचं नख गेलेलं होतं आणि खालची कातडी काळी पडली होती.

आप्पांनी वाकून पाहिलं. मग आत हाक मारली, "सूनबाई, माझ्या गोळ्या कुठं ठिवल्यात गं?"

"जुन्या नका खाऊ," मी म्हणाले. "आधी रक्त तपासा."

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना दौंडला घेऊन आला. त्यांची शुगर वडिलांपेक्षाही जास्त निघाली. पायाला मात्र काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

त्यानंतरही लोक रोप मागायला यायचे. वडील नाही म्हणायचे नाहीत, पण फाटकातच विचारायचे, "गोळी कुठली चालू आहे? ती बंद करणार नाही ना?" काही जण त्यावर रोप न घेताच जायचे.