खिडकीतली बॅग

पांढुर्णा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक जुनं छापील चित्र टांगलं आहे, वाफेने तपकिरी झालेलं. सकाळची गाडी, ऑफिसची वेळ. दारात एक ढेरपोट्या साहेब बुचासारखा अडकलेला, चौघे मागून ढकलताहेत. आत बाकावर एक बॅग ऐसपैस बसली आहे आणि भोवती माणसं एका पायावर उभी. नागपूरला अपडाउन करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. साहेब मला पटायचा, बॅग नाही. चित्रकाराने जरा जास्तच ताणलं, असं मी म्हणायचो. एकाचे दोन करून सांगणारा मी असं म्हणायचो, म्हणजे बघा.

सौसरच्या माझ्या बहिणीची पोरगी बारावी पास झाली. तिची मार्कशीट मी शेजाऱ्यांना दाखवायला घरी आणली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचे दहा टक्के मीच वाढवले. मग नागपूरच्या कॉलेजात ॲडमिशनचा शेवटचा दिवस उजाडला. मायलेकी सौसरहून बसने निघाल्या आणि बहिणीचा फोन आला.

"दादा, ओरिजनल तुयापाशीच आहे न? बारा वाजता खिडकी बंद होते. भुलला तर पाह्य!"

मार्कशीट बॅगेत घालून मी स्टेशन गाठलं. आमच्याकडचा कायदा असा, की खिडकीतून रुमाल पडला की जागा झाली. मग मंत्री आला तरी उभा राहील. नेमका रुमाल घरी राहिला होता. हात सवयीने चालला आणि बॅग आत गेली. मला मात्र त्या दारातून शिरता येईना. गाडी सुटली तेव्हा मी पलीकडच्या डब्यात संडासाला टेकून होतो. एक पाय माझा, दुसरा कोणाचा ते नरखेडपर्यंत कळलं नाही. नरखेडला उतरू लागलो, तर चढणाऱ्यांनी मला परत आत भरलं. काटोलला गर्दीने आपणहून बाहेर फेकलं. धावलो.

बॅग बसली होती. खिडकीशी, वारा खात. भोवती अकरा माणसं एका पायावर. एका मास्तराने तर तिला ऊन लागू नये म्हणून पेपर धरला होता.

"तुयी होय का रे बॅग?" बाजूला उभी असलेली टोपलीवाली आजी कडाडली. "काटोल आलं, अन् तू आता येऊन राहिला! तीन जनाशी भांडली मी तिच्यासाठी."

"मंग आजी, तुम्हीच काऊन नाही बसल्या?"

"जागा धरेल होती न बापा!"

बसा म्हटलं, तर बसेना. शेवटी बॅग मांडीवर घेऊन मीच बसलो आणि नागपूरपर्यंत आजीची टोपली माझ्या डोक्यावर होती.

बाराला पाच कमी असताना मार्कशीट कॉलेजच्या खिडकीत गेली. पोरीची ॲडमिशन झाली.

चित्रकाराला मी आता नावं ठेवत नाही. ताणलं कसलं, उलट कमीच काढलं त्याने. बॅगेपाशी आजी कुठे आहे?