आडवा शब्द, दोन अक्षरी

ओल्या सारवणावर चुन्याची पहिली रेघ ओढली की एक वास उठतो. धड शेणामातीचा नव्हे, धड चुन्याचाही नव्हे. थंड, किंचित झोंबरा, आणि तरीही हवाहवासा. कर्जतच्या बाजारात चष्म्याच्या काचा पुसण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्या माझ्या नाकाला असल्या वासाचे सुख कुठून लाभणार? ते लाभले बायकोमुळे. माझ्या दुकानाला शनिवारी सुट्टी आणि तिची शनिवारी सकाळची शाळा, म्हणून कधीमधी मी तिच्याबरोबर डोंगर चढतो, आणि आलाच आहात तर हातभार लावा, असे म्हणून चुन्याची बादली माझ्या हाती दिली जाते. मग माधवी पदर खोचून, वाकून, शाळेच्या अंगणात चौकोनामागून चौकोन आखत जाते. काही चौकोन कोळशाने काळे करते, बाकीचे मोकळे ठेवते, आणि पाहता पाहता अंगणभर एक शब्दकोडे अंथरले जाते.

शब्दकोड्यांचे हे वेड तिला लग्नाआधीपासूनचे. रविवारचा पेपर दारात पडला की आमच्या घरात एक गोड कलह सुरू होतो. मी पेन्सिलीने भरतो. न जाणो, चुकले तर खोडता येईल! ती पेनने भरते, आणि माझी पेन्सिलीची अक्षरे दिसली की खोडरबर घेऊन ती आधी पुसून टाकते, मग ती बरोबर का असेनात. आडवा शब्द आणि उभा शब्द जिथे एकमेकांना भेटतात तिथे अक्षर जुळले पाहिजे, आणि जुळेपर्यंत एकही रेघ उमटवता कामा नये, हा तिचा दंडक. कोडे अपुरे ठेवून ती कधी उठली आहे, असे मला आठवत नाही. पोळी तव्यावर करपू देईल, पण रिकामा चौकोन तिला सोसवत नाही. छंद म्हणावा की व्रत म्हणावे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही.

तिची शाळा कडावच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आहे. पायथ्याला एका ओळखीच्या अंगणात स्कूटर लावायची, ओढा ओलांडायचा, आणि मग काटेसावरीच्या लालभडक फुलांखालून पायवाट चढायची. वर पोहोचून मागे वळले की भाताची खाचरे पायाशी पसरलेली, आणि त्यांच्या पलीकडे माथेरानचा सपाट माथा निळसर धुक्यात शांत बसलेला. एका खोलीत चार इयत्ता. एका भिंतीशी अ-आ-ई, दुसरीशी अपूर्णांक. मधल्या वेळात खिचडीवर लक्ष, एखाद्याच्या गुडघ्याला हळद, आणि कुठलीशी माहिती ‘तात्काळ’ भरायची असेल तर शाळेमागच्या एका उंच दगडावर चढून मोबाइल आभाळाकडे धरणे. त्या दगडाला वाडीत रेंजचा दगड म्हणतात. त्यावर उभ्या राहिलेल्या माझ्या अर्धांगिनीला पाहून मला हसू येते, आणि हसता हसता तिच्याविषयी विलक्षण आदरही वाटतो.

मला मात्र त्या वाडीने परस्पर मास्तर करून टाकले आहे. बाईंचा नवरा म्हणजे मास्तरच असणार, याविषयी तिथे कुणाच्या मनात शंका नाही. प्रथम मी खुलासे केले, मग सोडून दिले. एकदा एका म्हाताऱ्या बाबांच्या चष्म्याची निसटलेली काडी तिथल्या तिथे बसवून दिली, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, “मास्तर, तुमी साळंत नसता ना, तर चष्म्याचं दुकान बेस चाललं असतं तुमचं!”

तर हे अंगणातले कोडे. माधवी सूचक वाक्य मोठ्याने सांगते, पोरे खडू घेऊन चौकोनात उड्या घेतात आणि अक्षरे मांडतात. भाषेच्या बाबतीत ती कडक. घरी काय बोलायचे ते बोला, चौकोनात मात्र पुस्तकातला शब्द. वाडीत ‘आहे’ला ‘हाय’ आणि ‘नाही’ला ‘नाय’ म्हणतात. ते ऐकून ती हसते, पण चौकोनात चालवून घेत नसे. मुलांना पुढे खालच्या मोठ्या शाळेत जायचे आहे, पेपर लिहायचे आहेत, या काळजीपोटीच ते होते.

आणि त्या खालच्या शाळेतूनच चांगुणा परत आली. ही माधवीची लाडकी विद्यार्थिनी. चौथी होऊन मोठ्या उमेदीने पाचवीला खालच्या निवासी शाळेत गेलेली ही मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि परत जायचे नावच काढीना. नावच काय, काहीच काढीना! तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. धाकट्या बहिणीला काखेत घेऊन ती रोज शाळेच्या पडवीत येऊन बसे आणि नुसती बघत राही. काही दिवसांनी तिच्या आईला खालच्या शाळेत तिच्याच वर्गात असलेल्या कुणा पोरीकडून उलगडा झाला. आई डोळ्याला पदर लावून सांगत होती, “बाई, हजेरीला नाव घेतलं का ही म्हनायची ‘हाय’. मंग सगळी पोरं हात हालवून ‘बाय’ करायची. रोजच्याला. मंग बोलनंच सोडलं वो तिनं.”

किती साधी गोष्ट! मी इथे आहे, एवढेच त्या पोरीने सांगितले होते. आणि ऐकणाऱ्यांनी तिला निरोप देऊन टाकला. मुले दुष्ट नव्हती, खोडकर होती, हे मला कळते. पण स्वतःच्या असण्याचा शब्दच जिथे थट्टेचा झाला, तिथे पुढचे शब्द कोणत्या धीरावर उच्चारायचे?

माधवीने तिच्या परीने उपाय केला. रोज चांगुणाला समोर बसवून, मायेने, न कंटाळता, ‘आहे’ म्हणायला शिकवू लागली. “म्हण बरं, मी आहे.” चांगुणा ओठ आणखी घट्ट मिटे. संध्याकाळी घरी आली की माधवी चहाचा कप हातात घेऊन नुसती बसून राही. जूनपर्यंत ही बोलली नाही, तर शाळा कायमची सुटणार, काखेतली बहीण खाली उतरेल तोवर हिच्या हातात घरचे सारे काम येणार, हे तिला स्वच्छ दिसत होते. त्या दिवसांत एका रविवारी पेपरातले कोडे मी एकट्याने सोडवले. पेन्सिलीने सोडवले, आणि ते कुणी पुसलेही नाही. मला मुळीच बरे वाटले नाही.

मग तो माघातला शनिवार आला. हवेत गारवा होता, अंगण ताजे सारवलेले होते, चुन्याचा तो वास भरून राहिला होता. कोड्याच्या एका कोपऱ्यात माधवीने दोन छोटे शब्द गुंफले होते. आडवा शब्द, दोन अक्षरी: ‘हो’च्या उलट. उभा शब्द, दोन अक्षरी: दुधापासून मिळते. आडवे ‘नाही’, उभे ‘दही’, आणि दोघांचा ‘ही’ एकाच चौकोनात. पहिली-दुसरीच्या चिमण्यांसाठी ठेवलेली सोपी जागा होती ती. एवढ्यात खिचडीची हाक आली आणि सारी पोरे ताटल्या घेऊन पळाली. माधवी वाढायला गेली, मी बादली विसळायला मागच्या बाजूला गेलो.

परत आलो तर अंगणात चांगुणा. बहिणीला तिने बाजूला बसवले होते आणि हातात खडूचा तुकडा होता. माझी आणि पाठोपाठ आलेल्या माधवीची चाहूल लागताच ती उठून पडवीच्या खांबाला जाऊन टेकली. कोपऱ्यातल्या आडव्या चौकोनात तिने लिहिले होते, ‘नाय’. हात धुवून आलेल्या पोरांनी ते पाहिले मात्र, एकच गिल्ला झाला: “बाई, चुकलं! चुकलं तिचं! नाही पायजे!” चांगुणाची मान खाली गेली. मला तर वाटले, झाले, आता ही मुलगी पुन्हा या अंगणात पाऊल टाकणार नाही.

पण माधवी शब्द वाचत नव्हती, कोडे वाचत होती. तिची नजर आडव्यावरून उभ्याकडे गेली. ‘य’च्या वरच्या चौकोनात चांगुणाने ‘सा’ लिहिला होता. साय! दुधापासून मिळते, दोन अक्षरी. आडवे ‘नाय’, उभी ‘साय’, आणि दोघींचा ‘य’ एकाच चौकोनात. कुठे फट नाही, कुठे ओढाताण नाही. आम्हा दोघांनाही जे सुचले नव्हते ते तिला सुचले, यात तरी नवल काय? तिच्या घरच्या गाईचे दूध सकाळीच कडावला डेअरीत जाते. चहापुरते जे उरते त्यावर साय धरते, दही लावण्याइतके उरते कुठे? तिच्या घरातून पाहिले तर दुधापासून साय मिळते, आणि ‘हो’च्या उलट नाय असते.

माधवीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले ते मी कधी विसरणार नाही. कोडे घालणारा स्वतःच्या कोड्यात सापडला की जो निर्मळ आनंद होतो, तो होता. आणि त्याहून खोल असे काहीतरी लखलखून गेले होते. ती पोरांना म्हणाली, “गप्प बसा रे जरा.” मग चौकोनाशी उकिडवी बसली आणि खांबाकडे पाहत, अगदी बरोबरीच्या माणसाला विचारावे तसे तिने विचारले, “चांगुणा, हे चुकलंय का गं?”

पोरे थांबली. धाकटी बहीण मातीत रेघोट्या ओढत होती. चांगुणाने एकदा चौकोनांकडे पाहिले, एकदा बाईंकडे, आणि महिनोन्‌महिने कुलूप लावलेल्या त्या तोंडातून शब्द आला, “नाय, बाई.”

तोच शब्द! जो चुकीचा ठरवला जात होता, त्याच शब्दाने तिने सांगितले की तो चुकलेला नाही. माधवीने उठून तिचे डोके जवळ ओढून घेतले. माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच रिकामी बादली पुन्हा विसळायला घेतली. पुढच्या खेपेस चांगुणाची आई वाटेत भेटली, ती हसत म्हणाली, “मास्तर, बाईंना सांगा, आता पोरगी गप्प बसत नाय. डोकं खाती माजं!”

माधवी अजूनही ‘आहे’ आणि ‘नाही’ शिकवते. परीक्षेच्या पेपरात तेच लिहावे लागते, आणि चांगुणालाही ते उत्तम येते. फक्त आता चौकोनात काहीही पडले तरी माधवी आधी एकच पाहते, जुळते आहे की नाही. भाषेची शुद्धी म्हणतात ती आणखी वेगळी काय असते? बोलणाऱ्याचे घर, त्याचे दूध, त्याची जीभ यांच्याशी जो शब्द जुळतो तो अशुद्ध कसा म्हणावा? मी चष्मेवाला माणूस, मला एवढे कळते की काच सगळ्यांना एकच लागत नाही.

जूनमध्ये खालची शाळा वाडीच्या शाळेआधी दोन दिवस सुरू झाली, त्या दिवशी आम्ही दोघे आणि चांगुणाची आई, तिला सोडायला खालच्या शाळेत गेलो. ती पुन्हा पाचवीतच बसली. आम्ही व्हरांड्यात खिडकीच्या आडोशाला उभे राहिलो. सर हजेरी घेऊ लागले. एकेक नाव पुढे सरकत होते, आणि माधवीने माझे मनगट धरले होते, ते आणखी घट्ट होत होते. चांगुणाचे नाव आले.

“हाय.”

मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच म्हणाले, “बाय!” वर्गात खसखस पिकली. माधवीने डोळे मिटून घेतले. आणि आतून तोच आवाज आला, न रागावता, न थरथरता, कोड्यातली चूक दाखवून द्यावी तसा:

“बाय नाय. हाय.”

पुन्हा हसू उठले, पण ते निराळे होते. सरही हसले आणि “बरं बाई, हाय,” असे म्हणून पुढच्या नावाकडे वळले. आईने पदराने तोंड पुसले.

त्याच आठवड्यात, शनिवारी, वाडीतल्या नव्या पहिलीसाठी आम्ही कोडे आखले. पावसाळ्यात अंगण मिळत नाही म्हणून पडवीत. चुन्याचा वास तिथे कोंडून अधिकच दाटला होता. दुसऱ्या दिवशी रविवारचा पेपर आला. आडवा शब्द, दोन अक्षरी: अस्तित्व दाखवणारे क्रियापद. उत्तर मला येत होते. त्यातल्या ‘हे’वरूनच खाली ‘हेमंत’ उतरायचा होता, तेही दिसत होते. तरी मी पेन्सिल उचलली आणि ‘हाय’ लिहिले. माधवीने पेपर ओढून घेतला. मला वाटले, आता खोडरबर येणार. तिने पेन उघडले आणि माझ्या फिकट अक्षरांवरून, सावकाश, ठळक गिरवले. खाली हेमंताची जागा मोकळीच राहिली. पहिल्यांदाच अपुरे कोडे तसेच सोडून ती चहा ठेवायला उठली, आणि पेपर माझ्या हातात देताना तिच्या बोटांना अजून चुन्याचा वास येत होता.