बल्बखालची पिल्लं

परवा स्वयंपाकघरातली ट्यूब गेली, म्हणून जुना पिवळा बल्ब लावला. त्यावरच्या धुळीचा तापलेला वास सुटला आणि मी लहानपणीच्या कुरुंदवाडच्या गोठ्यात पोचले.

शेजाऱ्यांच्या कोंबडीनं आमच्या कडब्यात पिल्लं काढली आणि मुंगसानं तिलाच नेलं. आमचं घर जैन, कोंबडी कशी पाळायची कुणाला ठाऊक? मी पिल्लं खोक्यात घेतली, उबेसाठी वर बल्ब टांगला. बल्ब खाली आणला की ती कडेला पळायची, वर नेला की एकमेकांवर चढायची. मला काहीच उमजेना. दिवस मावळला तशी मी कण्यांची ताटली उचलली, कारण त्यानंतर आमच्यात कुणी जेवत नाही. पिल्लांनी गोठा डोक्यावर घेतला.

आई धावत आली. "ताटली का गं उचललीस?"

"दिवस बुडाला की!"

तिनं पिल्लांकडं बघितलं, मग बल्बकडं. "त्यांचा कुठं बुडालाय?" म्हणाली आणि ताटली परत ठेवली. स्वतः मात्र सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही घेतला नाही.

आता कोल्हापुरात ऑफिसातून उशिरा येते, दिव्याखाली जेवते. पहिला घास घेताना मनात म्हणते, माझा कुठं बुडालाय? पण ही आईनं दिलेली मुभा की माझी पळवाट, ते अजून कळत नाही.