पंच्याखालचा सौदा

गेनभाऊ बेल्ह्याच्या माळावर शिंकले की येडगावच्या धरणातले मासे बूड गाठत, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. धरण तिथून किती लांब आहे हे मलाही ठाऊक आहे, पण ती शिंक मी ऐकलेली आहे. एवढ्या आवाजाचा हा माणूस, पण महत्त्वाचं काही बोलायची वेळ आली की एकदम मुका व्हायचा. खांद्यावरचा पंचा काढायचा, उजव्या हातावर पसरायचा आणि तो झाकलेला हात समोरच्यापुढे करायचा. आपण पंच्याखाली हात घालायचा. पुढचं सगळं बोटं बोलत.

ही रीत बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारातली. गेनभाऊ निमगाव सावाचे, आणि उभा जन्म बैलांची दलाली केलेले, म्हणजे हेडी. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात पंच्याखाली धरतो, बोटं दाबून आकडा घेतो, मग घेणाऱ्याकडे जातो. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असतात आणि कुणाला काडीचं कळत नाही. “बैलाचा दात बघावा आन् मान्साचा हात धरावा, खरं काय ते तितंच कळतं,” असं ते म्हणत. पुढे एका खिलारी बैलाने त्यांच्या कंबरेत लाथ घातली आणि त्यांचा बाजार सुटला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते उडून थेट आळेफाट्याच्या स्टँडवर पडले होते आणि एसटीने परत आले होते. कंडक्टरने अर्धंच तिकीट घेतलं, कारण अर्धा प्रवास हवेतून झाला होता.

अशा मोडक्या कंबरेने ते आमच्या वसाहतीत राखणदार म्हणून आले. वसाहत म्हणजे एका संस्थेने माळावर बांधलेल्या अठरा खोल्या. वर नऊ, खाली नऊ, मध्ये एक नळ. राहायला कुष्ठरोग बरा झालेली माणसं, त्यांची बायकापोरं. डॉक्टर गुरुवारी येत, मलमपट्टी रोज होई, मुलांच्या शाळेचं संस्था बघे. मी तिथला कारकून. राखणदाराच्या जागेसाठी पंचक्रोशीतून अर्ज आला तो एकच, आणि तोही अंगठ्याचा.

रोग बरा झाला होता, पण या माणसांना कधीतरी त्यांच्या सख्ख्यांनीच घराबाहेर काढलं होतं. म्हणून आता ती आधीच स्वतःचं दार लावून घेत. संस्थेचे साहेब दर महिन्याला सभा भरवत, आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगत. चहा होई, मी सह्या आणि अंगठे घेई, आणि साहेबांची जीप चढ उतरायच्या आत अठरा कड्या लागलेल्या असत. इतका एकांत मी मसणवटीतही पाहिला नाही. तिथे निदान चौघं तरी बरोबर येतात.

एके सकाळी नळावर वरच्या ओळीतली ठकूबाई आणि खालच्या ओळीतला किसन यांची जुंपली. हंडे किती भरायचे, एवढाच मुद्दा, पण शिव्या अशा की कावळे माळ सोडून गेले. मी वही काढून तक्रार लिहायला लागलो. गेनभाऊ मला म्हणाले, “भाऊसाहेब, वही मिटा. कागुद आला का भांडान पक्कं व्हतं.” आणि त्यांनी पंचा पसरून ठकूबाईपुढे हात केला.

ठकूबाईला ती रीत माहीत होती. तिच्या बापाचे बैल याच बाजारात विकले गेले होते. ती दोन पावलं मागे सरकली. तिच्या उजव्या हाताला अडीच बोटं उरली होती.

“मला बोटंच किती, भाऊ? चार हंडं सांगू कशी?”

“आडीच बोटात आख्खा बाजार बसतो, बाई. पेरं मोजू.”

तिने हात घातला. बोटांना जाणीव नव्हती, हे गेनभाऊंना आत गेल्यावर समजलं असणार, कारण पंचा कोपराकडे सरकला. ते मनगटावर दाबून आकडा सांगू लागले. मग किसनकडे गेले, पुन्हा हिच्याकडे आले. एका हंड्याचा प्रश्न, अर्धा तास चालला. सौदा कधीच जुळला होता. ठकूबाई हात काढत नव्हती. पट्टी बांधणारा सोडला तर अकरा वर्षांत तिचा हात कुणी धरला नव्हता, हे तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. शेवटी गेनभाऊंनी किसनचा हात तिच्या हातात दिला, पंचा झटकला आणि चालते झाले. कोण किती हंड्यांवर उतरलं ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे हरलं कुणीच नाही.

मग काय विचारता. वसाहतीत भांडणांचं पीक आलं. पूर्वी महिन्याला एक भांडण असायचं, आता दिवसाला तीन. कुणाच्या कोंबड्याने कुणाच्या पत्र्यावर आरवायचं यावरून एकदा दोन दिवस सौदा चालला, तोवर कोंबडा बिचारा आरवायचा थांबला होता. एका जोडप्याने तर स्वतःतच भांडण काढलं आणि दोघं दोन बाजूंनी फाटकावर आली. गेनभाऊ सगळं ओळखून असत. “भांडान खोटं आसलं तरी हात खरा हाय ना,” म्हणत.

वर्षभरात लोक त्यांच्यावाचूनच पदराखाली, टॉवेलाखाली हात घालू लागले. किसनची बायको पुण्याला इस्पितळात राहिली तेव्हा त्याची दोन पोरं किती दिवस कुणाच्या खोलीत जेवायची, हे बायकांनी आपसात ठरवलं. मला काहीच कळलं नाही. मी नऊ वर्षं तिथे होतो आणि त्या पंच्याखाली एकदाही हात घातला नाही. कारणं पुष्कळ होती. कारकुनाकडे कारणांची कमी नसते.

पण अठरा दारं उघडणाऱ्या या माणसाचं एक दार बंद होतं. निमगावात मुलगा बबन होता, सून होती, नात होती. वसाहतीत नोकरी धरल्यापासून तिकडून बोलावणं बंद झालं होतं. दर सोमवारी बाजाराच्या वाटेने निमगावच्या गाड्या जात आणि गेनभाऊ फाटकाबाहेर स्टूल टाकून बसत. एखादा ओळखीचा “राम राम, हेडी” म्हणून जाई, पण थांबत नसे. नातीचं लग्न ठरल्याचं त्यांना अशाच एका टेम्पोवाल्याकडून कळलं.

बबन आला तो लग्नाच्या आठ दिवस आधी. मोटरसायकल फाटकाबाहेर उभी केली, उतरला नाही. पत्रिका पुढे केली आणि खालच्या आवाजात सांगत राहिला: ही नोकरी आजच सोडायची, चार दिवस पावण्यांकडे राहून मग घरी यायचं, इथले कपडे आणायचे नाहीत, कुठे होतात म्हणून कुणी विचारलं तर मुंबई सांगायचं. खोल्यांच्या दारांत उभी असलेली माणसं ऐकू येत नसल्यासारखी उभी होती.

 गेनभाऊंनी पंचा पसरला आणि मुलापुढे हात केला.

बबनने त्या पंच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवून म्हणाला, “आबा, हे नगा करू. ह्यात कुनाकुनाचे हात गेलेत.”

“तुझाच राह्यला फकस्त,” गेनभाऊ म्हणाले.

बबनने किक मारली. गाडी उताराला दिसेनाशी झाली तरी गेनभाऊंचा हात तसाच पुढे होता. बाकी सगळं मी वाढवून सांगतो. हे मला वाढवता येत नाही.

लग्नाच्या दिवशी ते फाटकावरच होते. दुपारी अठरा घरांतून अठरा ताटं आली, कुणी शेवयांची खीर केली होती, कुणी पुरण. त्यांनी प्रत्येकातला घास मोडला आणि ताटं बाजूला सारली. ठकूबाई रागावली, की आमी सगळे हाओत की भाऊ. तेव्हा ते म्हणाले, “हायेत ना. पन बाजार कितीबी भरू दे, बाई, आपलं गिऱ्हाईक आलं न्हाई तर मोकळाच आसतोय.” त्यानंतर त्यांना शिंकताना मी ऐकलं नाही.

दोन वर्षांनी, तापाचं निमित्त होऊन, एका सकाळी ते गेले. मी बेल्ह्याच्या एसटीडीवरून निमगावला फोन केला. बबन टेम्पो घेऊन आला. किसन आणि तिघांनी गेनभाऊंना उचलून टेम्पोत ठेवलं. बबन आधीच वर चढून उभा होता, बापाच्या डोक्याखाली पोतं सारखं करत. मग त्याने खाली जमलेल्या माणसांना हात जोडले आणि म्हणाला, जागा नाही. मागे चार बैल मावले असते.

 ठकूबाई पुढे झाली. “गेल्या मान्साला मागं एकलं टाकून न्यायचं नस्तं,” म्हणाली, आणि मागच्या फळीवर एक पाय ठेवून तिने हात वर केला. वर ओढून घ्यायला बबनशिवाय कुणी नव्हतं. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं. बबन तिच्या बोटांकडे बघत राहिला, मग बापाकडे, आणि वाकला. धरल्याचं तिच्या हाताला कळत नव्हतं, म्हणून ती हाताकडेच डोळे लावून होती. त्याने धरला होता, आणि त्याला सोडता येत नव्हता, कारण तिचा दुसरा पाय अजून अधांतरी होता.