तारा काढलेल्या बेसची घुं

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला शिकवायला नको — भूत, भानामती, बाहेरची बाधा, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. आमचं घर बौद्ध. लहानपणी गल्लीतल्या एका काकूंच्या अंगात यायचं, तेव्हा आमचे वडील आम्हाला मुद्दाम समोर उभं करायचे आणि म्हणायचे, बघा, घसा कोरडा पडला की बरोबर थांबतात. त्यात माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. (नोकरी औषधांच्या होलसेल दुकानात बिलिंगची, ते सोडा.) इथले अनुभव मी वाचते ते जेवताना करमणूक म्हणून, आणि बऱ्याच वेळा हसते. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही. गोष्ट सुखरूप संपली आहे हेही आत्ताच सांगते, कारण ज्या बाईंच्या बाबतीत हे घडलं त्यांनी थोड्या वेळापूर्वी माझ्याकडे चहा मागितलाय — आणि तो पाणचट झाला म्हणून नावंही ठेवलीत.

त्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे राग आला की मधेच कानडी. विड्या वळून एकटीने मुलगा वाढवला — तो मुलगा म्हणजे माझा नवरा, नितीन. मी त्याला नावाने हाक मारते हे आत्यांना लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पचलेलं नाही. आणि मला त्यांचा टीव्ही पचलेला नाही. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे मालिकेतली सून घरी रडली की चौकात ऐकू जाते. आमची रोजची भांडणं याच एका विषयावर.

घर सोलापुरातच, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला. बैठं. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, मधल्या खोलीत डायनिंग टेबल. त्या टेबलावर बऱ्याच महिन्यांत कुणी जेवलेलं नाही, कारण ते माझं वर्कशॉप आहे. मी बेस गिटार वाजवते — चार जाड तारांची, खालच्या सुराची गिटार. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत, भीमगीतांना. बाई बेस वाजवते म्हणून सुरुवातीला लोकांनी बरंच तोंड वाकडं केलं, तेव्हा शेजारपाजारच्यांना गप्प बसवणाऱ्या आत्याच होत्या, हेही खरं.

तर या वर्षी जयंतीला आत्यांनी एक गाणं म्हणायचं, असं मी आणि नितीनने ठरवलं. तरुणपणी मैंदर्गीत त्या डफावर गायच्या. लग्न झालं, विड्या आल्या, गाणं सुटलं. हो-नाही करत एकदाच्या तयार झाल्या. पण रियाजाला बसलो आणि गाडी अडली. आत्यांचा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, हळूच घसरत जातो. बेसच्या मानेवर मात्र धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, सूर त्या पट्टीवर नाहीतर पुढच्या पट्टीवर... मधलं काही नाही. चार वेळा चुकामूक झाल्यावर आत्या वैतागून म्हणाल्या, "तुजं ते पायऱ्या उतरतंय. मी घसरगुंडीवर हाय."

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. म्हटलं, पट्ट्याच काढून टाकू. फ्रेटलेस करू. आणि बेस उघडलाच आहे तर त्याची ती घुं पण मारू.

घुं म्हणजे काय ते सांगते, पुढे लागणार आहे. माझा बेस जुना, अक्कलकोटच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचा वापरलेला. अँप (अँप्लिफायर) लावला की पाठीमागे सतत बारीक घुंऽऽऽ चालू. तारांना हात लावला की कमी, हात काढला की परत. घरातल्या विजेचा आवाज असतो तो; वायरिंग उघडं असलं, अर्थिंग नीट नसलं की पिकअप (तारांखालचं, त्यांचा कंप पकडणारं चुंबक) तो ओढतो. आमच्या घरात नीट अर्थिंग असलेलं सॉकेट एकच, आणि त्यावर कूलर. मी ते अँपसाठी मागितलं. नितीनने कूलरची थ्री पिन काढली, टू पिन बसवली, आणि कूलर खिडकीजवळच्या जुन्या सॉकेटला लावून दिला. आमच्याकडे घरोघरी हे असंच चालतं. मी बघितलं, म्हटलंसुद्धा की अरे, कूलरचं अर्थिंग गेलं की. तो म्हणाला, दोन दिवसांत नवीन बोर्ड करू. ते दोन दिवस काही आले नाहीत. घुं जरा कमी झाली होती, मी खूश होते.

मग मी बेस खोलला. पूर्ण. तारा काढून पिशवीत. मान स्क्रू काढून वेगळी. सोल्डरिंग गनने एकेक पट्टी गरम करायची आणि पकडीने अलगद उचलायची, नाहीतर लाकडाचा टवका निघतो. खाचांमध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या, फेविकॉल, आणि वर वजन म्हणून पिठाचे डबे. ती मान बेडरूममध्ये कॉटखाली. इकडे टेबलावर फक्त बॉडी. तिच्या पोटातून पिकअप आणि सगळ्या वायरी काढून पेपरवर ठेवल्या होत्या आणि आतून तांब्याची टेप चिकटवत होते, घुं अडवायला. म्हणजे टेबलावर काय होतं? पोकळ कोरलेलं एक लाकूड. नीट लक्षात ठेवा.

एका संध्याकाळी कामावरून आले तर आत्या तोंड फुगवून बसलेल्या. म्हणाल्या, दुपारी मी जरा पडले की तुझं ते लाकूड वाजायला लागतंय. मला हसू आवरेना. म्हटलं, आत्या, त्याला तारा नाहीत, वायर नाही, मानसुद्धा नाही. तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही आणि हे ऐकू येतं? आत्या एवढंच म्हणाल्या, "वाजतंय म्हंजे वाजतंय. माज्या कानाचं मला नगं सांगू." मी नितीनला रात्री जेवताना हे रंगवून सांगितलं आणि दोघं हसलो. आज आठवलं की लाज वाटते.

त्यानंतरचा रविवार. पाण्याचा दिवस. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको — नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी घरातलं जे जे भांडं आहे ते भरायचं. पाणी आलं नेमकं टळटळीत दुपारी. नितीन गाडी घेऊन गॅरेजला गेलेला. मी मागे मोरीत पिंप भरत होते. आत्या अंगणातल्या नळाचा पाईप घेऊन हॉलमध्ये, कूलर भरायला.

कूलर भरायची त्यांची ठरलेली पद्धत. कूलर बंद करायचा नाही, बंद केला की हवा गरम होते म्हणे. साडी वर खोचायची, पाय अनवाणी, एका हाताने कूलरचा पत्रा घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाईप जाळीखाली सारायचा. फरशीवर पाणी सांडलेलं असणारच. हे चित्र मी नंतर इतक्यांदा डोळ्यांसमोर आणलंय की झोपेतही दिसतं.

आणि आवाज आला.

घुंऽऽऽ... अगदी खालच्या तारेचा, मोकळी तार सोडल्यावर येतो तसा. आधी छातीत लागतो, मग कानाला कळतो. मला वाटलं, आत्यांनी अँपशी काहीतरी खेळ केला. चडफडत, ओल्या हातांनीच मी मधल्या खोलीत आले. तिकडून आत्याही पाईप तसाच खाली टाकून आल्या, कारण त्यांना वाटलं, मी वाजवत बसलेय. आम्ही दोघी टेबलापाशी समोरासमोर.

"बंद कर की गं ते," आत्या म्हणाल्या. "पाणी चाललंय तितं."

मी म्हटलं, मी कुठं लावलंय? मग दोघींनी एकदमच टेबलाकडे बघितलं. अँपचा प्लग काढून गुंडाळून ठेवलेला. पिकअप पेपरवर. तारा पिशवीत, पिशवीला गाठ. आणि आवाज चालू. मी बॉडीवर तळहात ठेवला... लाकूड थरथरत होतं. मोबाईल थरथरतो तसं नाही. गाणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला की लागतं ना, तसं.

आत्यांचं लक्ष मात्र पाण्यावर. हॉल भरेल, पाईप काढून येते, म्हणून त्या वळल्या आणि उंबऱ्याकडे निघाल्या. त्या पुढे गेल्या तसा माझ्या हाताखालचा आवाज वाढला. खरंच वाढला. टेबलावरचे स्क्रू खडखडायला लागले. मला काही सुचलं असं नाही, अक्कल चालवली असंही नाही. घुं म्हणजे कुठंतरी करंट चुकीच्या जागी आहे, एवढंच वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं.

"आत्या, आहात तिथंच थांबा. कशालाही हात लावायचा नाही."

त्या स्वरात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या थांबल्या. मेन स्विच टेबलाच्या वरच भिंतीवर आहे. एक हात लाकडावर तसाच, दुसऱ्या हाताने मी मेन पाडला. पंखा थांबला, कूलर थांबला, आणि लाकूडही गप्प झालं. एकाच वेळी.

नितीन येईपर्यंत मी आत्यांचा हात सोडला नाही. हॉलमध्ये पाणी दारापर्यंत आलं होतं, आत्या जीव तोडून सांगत होत्या की पुसू दे, मी पुसू दिलं नाही. नितीनने आधी मलाच वेड्यात काढलं. मग फरशी कोरडी करून, चप्पल घालून, मेन परत चढवला आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. बाजूला लावला, पेटला. जाळीला लावला, पेटला. त्याचा चेहरा मला आठवायचा नाहीये. वायरमन आला, त्याने कूलरची मागची जाळी काढली, तर पंपाची वायर पत्र्यात चेपून सोललेली. अर्थिंग असतं तर फ्यूज तरी उडाला असता. तो आत्यांच्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाला, "मावशी, वाचला की तुमी."

आत्यांनी पाईप खाली टाकला तेव्हा त्यांचा हात पत्र्यापासून वीतभर होता. हे त्यांनीच दाखवलं, हाताने माप करून. मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडले. आणि हायसं वाटलं, इतकं हायसं की रडता रडता हसायलाच लागले. आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, साकु, साकु — म्हणजे कानडीत, पुरे झालं आता.

आता तुमच्या शंका. कूलरचाच आवाज असेल? मग कूलरच्या शेजारी उभी असलेली बाई कूलरकडे पाठ करून आतल्या खोलीत कशी आली? कूलरचं व्हायब्रेशन टेबलापर्यंत आलं असेल? मधे भिंत आहे, आणि तो कूलर आम्ही दुरुस्तीनंतर मुद्दाम तासन्‌तास चालवून बघितला, लाकूड ढिम्म. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या ग्रुपवर विचारलं, तिथं सगळ्यांनी रेझोनन्स, रेझोनन्स केलं (म्हणजे एकाच्या कंपाने दुसरं वाजणं). अरे बाबांनो, रेझोनन्सला तार तरी हवी की! माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते बराच वेळ ऐकून म्हणाले, सासूबाई बऱ्या आहेत ना, मग सोड.

नवीन बोर्ड दुसऱ्याच दिवशी झाला. कूलरला थ्री पिन आली. बेसही पूर्ण झाला, मान बसली, तारा चढल्या, बोट आता तारेवरून हवं तसं घसरतं. तांब्याच्या टेपने काम चोख केलं होतं — अँप लावला तर घुं नावालाही नाही. मी विजयी मुद्रेने आत्यांना ऐकवलं. त्या जरा वेळ कान देऊन बसल्या. मग म्हणाल्या, "त्येचा आवाज बंद करू नगंस गं. थोडा असू दे."

मी डिप्लोमा होल्डर. मी तो बेस परत उघडला आणि इतक्या मेहनतीने लावलेली टेप सोलून काढली.

जयंतीच्या स्टेजवर साउंडवाला माझ्याकडे बघून बोंबलला, ताई, तुमच्या लाईनमध्ये हम येतोय — म्हणजे तीच आपली घुं. (तोपर्यंत मी स्टेजवरचा प्रत्येक माईक टेस्टरने तपासला होता; टेस्टर आता माझ्या पर्समध्येच असतो.) मी काही बोलायच्या आत आत्या माईकवरूनच म्हणाल्या, "येऊ दे की. घरचाच हाय." लोक हसले. आणि मग त्या गायल्या, घसरगुंडीवरून, आणि मी खाली खाली त्यांच्या मागोमाग. एकदाही चुकामूक झाली नाही.

स्पष्टीकरण आजही नाही. भूत मी आजही मानत नाही; मानायला लागले असते तर निदान उत्तर तरी मिळालं असतं. त्यानंतर तो बेस आपणहून एकदाही वाजलेला नाही. आत्ता हे लिहितेय तर हॉलमध्ये आत्यांची मालिका चालू आहे, सून रडतेय, खिडकीच्या काचा हादरतायत आणि मला एक वाक्य धड सुचत नाहीये. त्या रविवारपासून मी त्यांना आवाज कमी करा असं एकदाही म्हटलेलं नाही.