टिकलीएवढी उघडी जागा

ह्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडून इलेक्ट्रिशियन जाधवमामा दुपारभर उभे होते. हातात दोन वायरींचा एक छोटा दिवा. एक वायर बॅटरीला लावून दुसरीचं टोक ते इथेतिथे हलकेच टेकवत होते, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसे. दिवा काही लागत नव्हता.

हे गेल्यावर मी गाडीला नवा लाल रंग मारून घेतला होता. आतूनसुद्धा, कोपरा न् कोपरा. तेव्हापासून हेडलाइट मिणमिणते, हॉर्न घोगरा.

"वहिनी, करंट नुसता जाऊन भागत नाही, त्याला परतही यावं लागतं. तो येतो गाडीच्या पत्र्यातून. तुम्ही तर अर्थिंगच्या बोल्टाखालीही रंग दिलाय!"

बोल्ट काढून त्यांनी तिथला रंग खरवडला. ओरखडा जणू माझ्याच अंगावर उठला. टिकलीएवढा पत्रा उघडा पडला, त्याला टोक लागलं आणि भर उन्हात तो दिवा शांतपणे उजळला.

"ग्रीस लावतो. रंग मात्र पुन्हा नको."

मी त्या दिव्याकडे बघतच राहिले. वर्षभर माणसं येत होती, मायेनं विचारत होती. मी हसून "छान आहे" म्हणायचे. माझ्याकडून परत काही जातच नव्हतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "कशी आहेस गं?"

"छान" ओठांवर आलंच होतं.

"ताई, करमत नाही गं मला."