कधीही न अडकणारी शॉटगन

ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि ते आठवलं की मी उगाच घसा खाकरतो. बायको लगेच ओळखते. "आलं वाटतं परत," म्हणते आणि चहा टाकते.

व्हर्जिनियातल्या एका काउंटीच्या पोलीस दलात मी पंचवीस वर्षं काढली, शेवटची दहा तपास विभागात. तिथल्या अ‍ॅशबर्न गावच्या मराठी घरांत मी 'पोलीस काका'. बाकी सगळे कोडिंगवाले, डेटा सेंटरवाले. कमरेला पिस्तूल लावणारा मी एकटा. मुलांच्या आया माझ्याशी प्रेमानं वागत, पण मुलांना माझ्याजवळ फार वेळ बसू देत नसत. न जाणो, एखाद्यानं पोलीस व्हायचं मनावर घेतलं तर?

त्यामुळे पुण्याहून आलेले एक इंजिनिअर माझा सल्ला घ्यायला आले तेव्हा माझी छाती जरा फुगलीच. त्यांची सोळा वर्षांची मुलगी एका क्लबच्या टीममध्ये हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या शॉटगननं फोडायची. तिला आता स्वतःची बंदूक घ्यायची होती.

"दादा, ऑनलाइन वाचून वाचून डोकं फिरलंय," ते म्हणाले. "सेमी-ऑटोमॅटिक हवीय, पण अडकणारी नको. तुम्ही सांगाल ती घेतो."

मी तासभर व्याख्यान दिलं. यात दोन प्रकार. एकात काडतुसाच्या गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढतं, दुसऱ्यात बंदुकीला बसणाऱ्या धक्क्यावर. धक्क्यावर चालणारी आतून स्वच्छ राहते, पण हलक्या काडतुसांना कधी कधी दाद देत नाही; आणि नवख्या खांद्याला हलकीच काडतुसं बरी. गॅसवाली खांद्याला सौम्य, फक्त वेळच्या वेळी साफ करावी लागते. दुकानात मी मुलीला चार बंदुका खांद्याला लावायला सांगितल्या, दस्ता तिच्या मापाचा आहे का ते पाहिलं, आणि वीस गेजची, म्हणजे बारीक नळीची गॅसवाली ठरवली. राहतं घर घेताना मी इतका विचार केला नव्हता.

"ही अडकणार नाही. माझा शब्द," मी म्हणालो.

क्लबमध्ये सत्तरी ओलांडलेले एक अमेरिकन आजोबा होते. निवृत्त मेकॅनिक. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिथेच जायचा. मुलांच्या बंदुका हौसेनं साफ करायचे. बंदुकांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच. त्यांनी नवी बंदूक उलटसुलट करून पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण मी दोन नळ्यांची साधी घेतली असती. तिच्यात बिघडायला फारसं काही नसतं."

मला ते झोंबलं.

मुलीची आई घरात बंदूक ठेवून घ्यायला तयार नव्हती, म्हणून ती क्लबच्या कपाटात राहिली. दसऱ्याला आजोबांनी साफ करून दिली, आणि एक दिवस बाहेर आली ती आमच्या घरच्या शस्त्रपूजेसाठी.

दोन शनिवारांनंतर सरावात ती अडकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काडतूस आत ढकलणारी बोल्ट अर्ध्यातच थांबली. मुलगी बंदूक हातात घेऊनच मदत मागायला वळली, तिचा तळहात बोल्टला लागला, बोल्ट खटकन बंद झाली आणि ट्रिगरला बोट नसताना बार उडाला. छरे शेजारच्या मुलाच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत घुसले.

क्लबनं आमच्याकडे रीतसर तक्रार दिली. मुलीला विचारलं तर रडत म्हणाली, "आय डोन्ट नो काका, इट जस्ट वेंट ऑफ."

दुसऱ्या दिवशी ठाण्यावर निनावी फोन आला. 'त्या म्हाताऱ्याला सेमी-ऑटोमॅटिक आवडत नाहीत. ही बंदूक पोरीची फजिती करणार, असं तो म्हणाला होता.' किल्ली त्यांची, सफाई त्यांची, आणि आता हेतूही सापडला.

वरिष्ठांनी विचारलं, "या कुटुंबाला ओळखतोस का?"

"आमच्यात सगळेच सगळ्यांना ओळखतात," मी हसत म्हणालो. बंदूक मी निवडून दिलीय, हे सांगितलं असतं तर तपास दुसऱ्याकडे गेला असता, आणि तो जायलाच हवा होता. पण मी निवडलेली बंदूक आपोआप अडकेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मग कुणीतरी अडकवली असणार.

आजोबा चौकशीला स्वतः गाडी चालवत आले. वकील नको म्हणाले. लपवण्यासारखं काही नसलेली माणसं बहुधा असंच म्हणतात, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. तरी मी पुढे गेलो. मुद्दाम केलं नाही हे त्यांनी दहा मिनिटांत पटवून दिलं. मग मी दुसरी वाट धरली.

"सफाईनंतर ट्रिगरचा भाग परत बसवलात. तो धरून ठेवणारी पिन पूर्ण आत गेली होती?"

"हो."

"आठवतंय, की सवयीनं म्हणताय?"

"मी नेहमीच नीट बसवतो."

"त्या दिवशीचं विचारतोय. गेल्या महिन्यात चष्मा फ्रीजमध्ये सापडला, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत ना?"

ते त्यांनी क्लबात कॉफी पिता पिता, स्वतःवर हसत सांगितलं होतं. मी ते मेजावर पुराव्यासारखं ठेवलं. दोन तास मी आवाज चढवला नाही, पाणी दिलं, पुन्हा पुन्हा तीच पिन विचारली. शेवटी ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "मग माझ्याच हातून झालं असेल. त्या मुलाचा पाय गेला असता."

मी सही घेतली. घरी येऊन जेवताना ही हकिकत रंगवून सांगितली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दोन आठवड्यांनी बंदूक तपासणाऱ्या तज्ज्ञाचा फोन आला. "पिन अगदी जागेवर आहे. पण ट्रिगरच्या आत, बार उडवणारा घोडा अडवून धरणाऱ्या खाचेत तांदळाचे तीन दाणे आहेत. लालसर रंगाचे. अडकणं आणि उडणं, दोन्ही त्यांच्यामुळेच. काही कल्पना?"

अख्ख्या ठाण्यात ती कल्पना फक्त मला होती. पूजेच्या वेळी मी मोठ्या जबाबदारीनं बंदुकीची बोल्ट उघडी ठेवली होती, आत काडतूस नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. आणि त्याच उघड्या जागेवर मी ओंजळभर अक्षता टाकल्या होत्या, कुंकवात भिजवलेल्या. त्याच पाटावर माझं पिस्तूलही होतं, पण ते बंद. किल्ली कुणाकडे, सफाई कुणी केली, सगळं मी लिहून काढलं होतं. देवासमोर काय घडलं ते संशयात धरायचं असतं, हे सुचलंच नव्हतं.

"बघतो," मी तज्ज्ञाला म्हणालो, आणि चार दिवस काहीही पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अहो, पोह्यांत मीठ टाकायचं राहिलंय आणि तुम्ही दुसऱ्यांदा घेताय. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. तिनं हातातला झारा खाली ठेवला.

"अक्षता मी भिजवल्या होत्या. रिपोर्टात माझंही नाव घाला," ती म्हणाली. "पण तो माणूस तिकडे स्वतःला दोष देत बसला असेल. तुम्ही कुणाची वाट बघताय?"

त्याच दिवशी वरिष्ठांकडे गेलो. पुरवणी अहवालात अक्षता म्हणजे काय हे इंग्रजीत लिहायला मला दीड पान लागलं. माझ्याकडून तपास काढून घेतला, लेखी ताकीद मिळाली. ती कमीच होती. मुलीच्या वडिलांनी मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त 'दादा' म्हणायचं बंद केलं.

मग आजोबांच्या घरी गेलो. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. वडिलांना आपल्या गावी न्यायला ती आली होती. गाडीची किल्ली त्यांनी आधीच तिच्या हवाली केली होती. मी समोर बसून तांदळाचं सगळं सांगितलं, बंदूक मी निवडली होती हेही सांगितलं.

"म्हणजे पिन बसलेली होती," ते म्हणाले.

"पूर्ण बसलेली होती. तुमची काही चूक नव्हती."

"तू सांगतोस म्हणजे असेल," ते म्हणाले. "पण त्या खोलीत तू मला इतकं नीट पटवलंस, की आता ती पिन आठवायला गेलो की तुझाच आवाज ऐकू येतो."

ते मुलीबरोबर गेले. क्लबनं दोनदा बोलावलं, आले नाहीत.

पुढे नोकरीची सहा वर्षं उरली होती. कबुली मिळाली की सहीआधी मी खोलीबाहेर जाऊन उभा राहायचो. हे त्याला आठवलं, की मी त्याला आठवायला लावलं? तीन-चार वेळा सही न घेताच परत फिरलो. सहकारी म्हणायचे, म्हातारा मऊ पडला.

माणसानं न केलेली चूक त्याच्या डोक्यात कशी बसवायची, हे मला चांगलं येत होतं. ती परत काढायची कशी, हे मला अजून येत नाही.